रेघा दिसल्या तरी

पहाटे ५.४५

डिसेंबरात नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या कुहीची थंडी हाडात शिरते. आजी म्हणते, गोसेखुर्द धरणाचं पाणी अडवल्यापासून धुकंही उशिरापर्यंत बसून राहतं. मला धुकं दिसलं की एवढंच कळतं की आज दवाखान्यात हातपाय ठणकणारी पोरं जास्त येणार. गारठ्यानं नसा आवळतात, आणि सिकलसेल आजारात ज्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्यांचं रक्त त्या आवळलेल्या नसांत अडकून बसतं.

आजीला मात्र या वेळी माझा मोबाइल हवा असतो. खुडूक कोंबडी टोपल्यात बसवून आज चौथा दिवस. "टॉर्च लाव ना वं," म्हणत ती एकेक अंडं उचलते, बुडाशी उजेड धरते आणि निकाल देते. हे भरलं. हे भरलं. हे वांझ. भरलेल्या अंड्यात लाल धाग्यांचं जाळं दिसतं, मधोमध एक काळा ठिपका, आणि नीट पाहिलं तर तो ठिपका हलतो. मी एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र केलं. तेहतीस तासांच्या कोंबडीच्या भ्रूणाची काचपट्टी पाहून मी निदान पन्नास वेळा चित्र काढलं असेल. तरी आजीच्या हातातल्या अंड्यात ते जाळं दिसलं की दरवेळी माझा श्वास थांबतो.

हे रक्त पिल्लाच्या अंगात तयार झालेलं नसतं, ते तयार होतं बाहेर, बलकावर. तिथे आधी लहान लहान ठिपके उमटतात. आमच्या पुस्तकात त्यांना रक्तबेटं म्हणायचे. ती बेटं एकमेकांना जोडली जातात, त्यांच्या नळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागतं. माणसाचंही असंच. तिसऱ्या आठवड्यात पहिलं रक्त गर्भाच्या बाहेरच्या पिशवीत बनतं. मग महाधमनीच्या तळाच्या अस्तरातल्या काही पेशी फुगतात, अस्तरातून सुटतात आणि रक्ताच्या मूळपेशी होऊन वाहू लागतात. झेब्रा माशात आणि उंदरात ही सुटका २०१० मध्ये जिवंतपणी डोळ्यांनी पाहिली गेली. तिथून त्या पेशी यकृतात जातात, आणि जन्माच्या सुमारास हाडांच्या मज्जेत कायमच्या मुक्कामाला. रक्त असं घर बदलत येतं, आणि वाटेत आपलं हिमोग्लोबिनही बदलतं. माझ्या दिवसभराच्या कामाचं मूळ या एका बदलात आहे.

सकाळी ८.३०

प्राथमिक आरोग्य केंद्रातली प्रयोगशाळा म्हणजे एक खोली. एक सूक्ष्मदर्शक, एक रक्त मोजायचं यंत्र, एक फ्रिज, एक सिंक. ओपीडीची रांग लागायच्या आत मी सिकलसेलच्या चाचणीचं द्रावण बनवून ठेवते. त्यातली डायथायोनाइटची पूड फार नाजूक. डबीचं झाकण जरा सैल राहिलं की हवेतल्या ओलीनं ती मरते.  जरा शंका आली तरी मी ती डबी बाजूला ठेवते, मग तिच्यावरची तारीख काही का असेना.

चाचणी साधी आहे. द्रावणाच्या नळीत रक्ताचा छोटा थेंब, पाच मिनिटं थांबायचं, आणि नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. द्रावण रक्तातला प्राणवायू काढून घेतं. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर ते प्राणवायू गेल्यावर गोठून धूसर होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. रेघा दिसल्या तर सिकल नाही. माझा रेघांचा कागद घरी केलेला आहे, पांढऱ्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं ओढलेल्या पाच रेघा, चहाचा एक डाग आणि कडेनं चिकटपट्टी. त्या पाच रेघांवर या तालुक्यातल्या कितीतरी घरांची झोप अवलंबून असते.

या भागाला हा आजार नवा नाही. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल नागपूरहून 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते १९५८ साली. नागपूरच्याच संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या घरांसाठी आयुष्य घातलं, त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य. आमच्या खोलीतली वह्यांची चळत तेव्हापासून वाढतच आहे.

सकाळी १०.१५

आज लसीकरणाचा वार. आवारात बाळांचा कालवा. एक बाई दहा आठवड्यांच्या बाळाला दुसरा डोस देऊन थेट माझ्या दारात आली. सोबत सहा वर्षांची मुलगी, स्वेटरवर शाल गुंडाळलेली. मुलगी माझ्या ओळखीची. तिला सिकलचा आजार आहे, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू आहे, आणि त्या गोळीमुळे पांढऱ्या पेशी फार खाली जात नाहीत ना हे पाहायला ती नेमानं रक्त द्यायला येते. सुईला रडत नाही. बोट स्वतःच पुढे करते.

आईनं पदराच्या गाठीतून एक कागद काढला. "मॅडम, हे पाहा. बारक्याचं निल आलं."

बाळ दीड महिन्याचं असताना कुठल्याशा शिबिरात नळीची चाचणी झाली होती. रेघा दिसल्या, निगेटिव्ह लिहिलं, कागद हाती दिला. ज्यानं लिहिलं त्यानं पाहिलं तेच लिहिलं. पण त्या कागदावर वयाचा रकानाच नव्हता. त्या कोऱ्या जागेचा मला आजही राग येतो.

"ताई, बसा," मी म्हटलं. "हा निकाल धरायचा नाही."

तिचा चेहरा उतरला. "काहून? रेघा तं दिसल्या ना?"

मी तिच्या मुलीच्या बोटाचा थेंब नळीत टाकला. पाच मिनिटं आम्ही तिघी गप्प बसलो. नळी कागदासमोर धरली, रेघा गायब. मग माझ्या स्वतःच्या बोटाचा थेंब, रेघा स्वच्छ. "आता बाळाचं सांगते. त्याच्या अंगात अजून पोटातलं रक्त आहे."

पुस्तकात याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणतात, पण "पोटातलं रक्त" म्हटलं की इथे लगेच समजतं. पोटात असताना बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यावा लागतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायूला जास्त घट्ट धरणारं असतं. जन्मतः बाळाच्या रक्तात साठ ते ऐंशी टक्के तेच असतं. सिकलचा दोष त्याच्यात नसतोच, कारण तो दोष आहे मोठेपणीच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत, सहाव्या जागेवर, जिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. पोटातलं हिमोग्लोबिन त्या गोठण्यात सामील होत नाही, उलट ते गोठणं अडवतं. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या नळीत रेघा दिसल्या तरी त्याचा अर्थ काही नाही. नवराबायको दोघं सिकलचे वाहक असले तर दर खेपेला चारात एक बाळ आजारी निघण्याची शक्यता असते, आणि ती आधीच्या बाळावर अवलंबून नसते.

"पोटातलं रक्त किती दिवस पुरते?"

"पाच-सहा महिने."

तिनं बोटांवर हिशेब केला. मग मुलीकडे बघत हळूच म्हणाली, "हिचंही असंच झालं होतं. सहा महिने काईच नोतं. उष्टावण केलं अन् आठ दिवसांत हातापायाले सूज आली." हातापायांच्या हाडांत रक्त अडून येणारी ही सूज बऱ्याच लेकरांत आजाराची पहिली खूण असते. "मी तवा मिरचीच्या सातऱ्यावर जात होती, देठं खुडाले. सासू म्हणे, तिखटाच्या हातानं घास भरवला म्हणून झालं. मलेही तसंच वाटे, मॅडम. इतके वर्ष वाटून राहिलं."

मी इतक्या वर्षांत कुणाला इतक्या घाईनं काही समजावलं नसेल. मिरची नाही, हात नाही, घास नाही, नजर नाही. उष्टावण सहाव्या महिन्यात येतं, आणि पोटातलं रक्त संपतं तेही त्याच महिन्यात. दोन गोष्टी एका वेळी आल्या, बस्स. ती बराच वेळ काही बोलली नाही. मुलीच्या शालीचं टोक सारखं करत राहिली.

मग विचारलं, "मंग ते पोटातलं रक्त बंदच नाही झालं तं?"

तिचा नेमका हाच प्रश्न घेऊन आज जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा काम करतात. हे मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं मन राखायला बोलते आहे. मी खरंच बोलत होते.

बाळाच्या टाचेतून एचपीएलसीसाठी नमुना घेतला. त्या यंत्रात प्रत्येक हिमोग्लोबिनची टेकडी वेगळी उठते, त्यामुळे इवल्या बाळाचंही खरं कळतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बाळांची अशी तपासणी होऊन त्यावरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. मध्य भारतातली बरीच मुलं लहानपणापासूनच जबर आजारी पडतात हे त्यातून स्पष्ट दिसलं. भारतातला सिकल सौम्य असतो असं पूर्वी म्हणत. आमच्या ओपीडीत चार सकाळी बसलेला माणूस तसं म्हणणार नाही.

तोवर सिस्टरनी आईचा हात धरून मुलीच्या डाव्या बरगडीखाली ठेवला आणि प्लीहा कशी चाचपायची ते पुन्हा दाखवलं. बाळाचा निकाल वाईट आला तर हेच रोज करायचं. पोट डावीकडे अचानक फुगलं, लेकरू पांढरं पडलं, की उजाडायची वाट पाहायची नाही.

दुपारी १२.१०

रांग ओसरली. मुलीच्या रक्ताचा एक थेंब मी मेटाबायसल्फाइट घालून काचेखाली सीलबंद ठेवला होता, तो आता पाहिला. आधी गोल चकत्या होत्या. आता त्यांतल्या बऱ्याच लांबट, दोन्ही टोकांना अणकुचीदार, काही अगदी आमच्या धानकापणीच्या विळ्यासारख्या. पण मधे मधे काही गोल पेशी शाबूत राहिल्या होत्या. सगळ्याच गोल पेशींत गर्भ-हिमोग्लोबिन असतं असं छातीठोकपणे या काचेवरून सांगता येत नाही. पण गोळीनं तिचं गर्भ-हिमोग्लोबिन वाढलं आहे, हे तिच्या आधीच्या एचपीएलसीवर मी पाहिलेलं आहे. म्हणून त्या गोल पेशी मी जरा जास्त वेळ पाहत बसले. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवस. या सहा वर्षांच्या पोरीची मज्जा किती राबत असेल!

दुपारी १.३०

डब्यात भात, वांग्याची भाजी, ठेचा. जेवताना मी वाचते.

त्या आईनं जे स्वतःच्या घरात पाहिलं ते १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सिकलच्या नवजात बाळांच्या पेशी कमी वाकतात, आणि त्यांना वाचवतं ते गर्भ-हिमोग्लोबिन, असं त्यांनी मांडलं. पुढे कोडं उरलं की ते बंद कोण करतं. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुकं रांगेत उभी आहेत, आणि आयुष्यात ज्या क्रमानं कामाला लागतात त्याच क्रमानं उभी आहेत: आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. जन्मानंतर गॅमाला कामावरून घरी पाठवणारा मुकादम दुसऱ्या गुणसूत्रावर सापडला, बीसीएल११ए नावाचा. २००८ च्या सुमाराला हे पक्कं झालं. जगात अशी माणसंही आहेत ज्यांचं गॅमा जन्मभर चालू राहतं, आणि ती ठणठणीत असतात. म्हणजे पोटातलं रक्त चालू राहिल्यानं बिघडत काहीच नाही.

मग युक्ती अशी निघाली. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी काढायच्या, क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीनं तांबड्या पेशींपुरता त्या मुकादमाचा आवाज बंद करायचा, आणि त्या पेशी परत द्यायच्या. त्या मज्जेत रुजल्या की जन्मभर गर्भ-हिमोग्लोबिन भरलेल्या पेशी बनवत राहतात. कॅसजेवी या नावानं ही उपचारपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाली. २०२४ मध्ये छापून आलेल्या चाचणीत ३० पैकी २९ रुग्णांना निदान वर्षभर वेदनेचा एकही झटका आला नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ही खोली रिकामी होती, तरी मी मोठ्यानं वाचला होता.

पण मंजुरीच्या वेळी अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या भावानं सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय नव्या पेशींना जागा करायला जुनी मज्जा बुसल्फान या जहाल औषधानं रिकामी करावी लागते, त्यात पुढे मूल होण्याची शक्यताही जाऊ शकते. म्हणून मला आशा आहे ती जवळच्या बातमीची. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं स्वतःच्या कात्रीवर उभी केलेली सिकलची जनुकोपचार पद्धती बिरसा १०१ या नावानं जाहीर झाली. तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. बिरसा मुंडांचं दीडशेवं जयंती वर्ष आणि ज्या समाजांत हा आजार जास्त त्यांच्याच नायकाचं नाव, हे मला मनापासून आवडलं. मात्र ती कुहीच्या पोरीपर्यंत यायला अजून बऱ्याच पायऱ्या आहेत.

तोवर तिच्या हातात आहे ती साधी गोळी. हायड्रॉक्सीयुरिया तेच काम काही अंशी करते, दमलेल्या मज्जेला पुन्हा थोडं गर्भ-हिमोग्लोबिन बनवायला लावते. किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम एवढ्या कमी ठरावीक मात्रेतही आपल्या मुलांचे झटके कमी होतात, हे नागपुरातल्याच संशोधनानं २०१२ मध्ये दाखवलं. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. रोज घेतली जात नाही, हे आमचं खरं दुखणं. पोरगी बरी दिसली की घरचे म्हणतात, आता कशाला?

दुपारी ३.३०

आशाताईंसोबत सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडायच्या जागी. मिरचीचे लाल ढीग, त्याभोवती बसलेल्या बाया, देठ खुडण्याचा एकसारखा कटकट आवाज, आणि दहा पावलं आधीच सुरू होणारा ठसका. नाकाला पदर बांधून या बाया दिवसभर बसतात. पाणी मुद्दाम कमी पितात, कारण जवळ आडोसा नसतो. सिकलच्या बाईला पाणी कमी पडणं म्हणजे झटक्याला बोलावणंच. आज आम्ही गोळ्यांचं बोललो नाही, फक्त पाण्याचं बोललो. मुकादमाशीही बोललो. त्यानं एक मडकं सावलीत हलवलं. आडोशाचं पाहतो म्हणाला. मी पुढच्या आठवड्यात पाहायला जाणार आहे.

संध्याकाळी ५.४०

नमुने बर्फाच्या डब्यात, यादीला सही, गाडी नागपूरच्या वाटेला. एकूण अकरा नमुने. बाळाची नळी सगळ्यांत लहान.

रात्री ९.१५

घरी आल्यावर आजीनं पहिली बातमी दिली की कोंबडीनं एक अंडं बाहेर ढकललं. वांझच होतं, तिला माहीत होतं.

रात्री थोडं वाचते. मेलबर्नच्या मर्डॉक संस्थेतल्या लोकांनी २०२४ मध्ये दाखवलं की माणसाच्या साध्या पेशींना आधी भ्रूणासारखं कोवळं करून, मग भ्रूणात जे इशारे मिळतात तेच त्याच क्रमानं देऊन, ताटलीत रक्ताच्या खऱ्या मूळपेशी बनवता येतात. उंदरांत सोडल्यावर त्या पाव ते निम्म्या उंदरांच्या मज्जेत रुजल्या आणि सगळ्या तऱ्हेचं रक्त बनवू लागल्या. केंब्रिजच्या गर्डन इन्स्टिट्यूटमध्ये २०२५ मध्ये तर मूळपेशींचे गोळे आपोआप भ्रूणासारखे घडत गेले, आणि तेराव्या दिवशी त्यांत रक्ताचे लाल ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसले. आजीच्या टॉर्चमध्ये दिसतात तसेच. हे ठिपके पाहून त्या लोकांना काय वाटलं असेल ते मला नेमकं कळतं. उद्या स्वतःच्याच पेशींतून दुरुस्त रक्त बनवता आलं, तर जुळणारा भाऊ किंवा बहीण शोधायला नको. आज जुळण्याची शक्यता प्रत्येक सख्ख्या भावंडामागे चारात एकच असते. पण ते अजून उंदरांतलं काम आहे, आणि त्या आईला मी उंदरांबद्दल काही बोलले नाही.

झोपण्याआधी वही पूर्ण केली. शिबिराच्या कागदाची नोंद माझ्या वहीत उतरवताना मी स्वतः पट्टीनं एक रकाना आखला आणि सगळ्यांत आधी तो भरला.

वय: दहा आठवडे. मुलगा. नळीची चाचणी निगेटिव्ह, दीड महिन्याचा असताना. ग्राह्य नाही. एचपीएलसी पाठवली. निकाल आल्या दिवशी फोन करायचा, आईला. सासूलाही बोलवायचं.